मदत हवी आहे: जुन्या आइस हॉकीतल्या 'रोव्हर'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी होबी बेकर या शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन आइस हॉकीपटूवर लेख लिहायला घेतला आणि अडकले. प्रिन्स्टन विद्यापीठात त्याच्या नावाची रिंक (बर्फाचं बंदिस्त मैदान) आहे, १९२३ पासूनची. गंमत म्हणजे तो शिकायला होता तेव्हा (१९१०-१४) कॉलेजकडे स्वतःची रिंकच नव्हती. सामन्यांसाठी पोरं न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस रिंकवर जायची, तिथे यंत्राने बर्फ गोठवत.

माणसाबद्दल लिहिणं सोपं गेलं. शाळेत असताना तो रात्री अंधारात तळ्याच्या बर्फावर सराव करायचा, चकतीकडे (आइस हॉकीत चेंडूऐवजी हीच) न बघता ती स्टिकवर खेळवता यावी म्हणून. सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन हात मिळवायचा. डिसेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपल्यावर, फ्रान्समध्ये विमान कोसळून गेला. वय २६.

गाडी अडते ती खेळापाशी. मसुदा सांगलीला बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते शाळेत असताना हॉकी खेळलेत, मैदानावरची. पहिला प्रश्न, "सात गडी? मग पॉइंट आणि कव्हर पॉइंट काय करतायत तिथं, क्रिकेट आहे का?" खरंच ती नावं होती! दोघं बचावाचे, पण शेजारीशेजारी नाही, गोलकीपरच्या पुढे एकामागे एक उभे. पुढच्या फळीत तिघं. आणि सातवा रोव्हर, म्हणजे बेकर. जागा ठरलेली नाही, बचावातही तो आणि चढाईतही तोच.

त्यात पुढे पास द्यायची बंदी. चकती शेजारी नाहीतर मागेच द्यायची, चकतीच्या पुढे गेलेला आपला गडी ऑफसाइड. म्हणून एकट्याने ती ओढत नेणाऱ्याला एवढा भाव. बेकर आधी स्वतःच्याच गोलमागून वळसा घ्यायचा, वेग पकडायचा आणि मग सुटायचा. हे वाचल्यावर बाबा म्हणाले, "उलटा कशाला गेला?"

तर रोव्हरसाठी चपखल शब्द सुचवा. 'भटक्या' वाचून कुत्रा आठवतो. पॉइंटचं काय करू तेही सांगा. अंक रविवारी छपाईला जातोय.

प्रतिसाद १
आट्यापाट्या खेळलायत का? आडव्या पाट्यांवरचे आपापल्या पाटीला बांधलेले, पण सूर मधल्या उभ्या पाटीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. तोच तुमचा रोव्हर. बाबांना एका वाक्यात कळेल.

प्रतिसाद २
उपमा झकास, पण लंगडी. सूर अडवणारा, शिवाय त्यालाही पाटी सोडता येत नाही. तुमचा गडी तर गोल मारून येतो. रोव्हर तसाच ठेवा. वळसा समजवायला लांब रनअप घेणारा फास्ट बोलर आठवून द्या. आणि ताई, हार्वर्डविरुद्धचा १९१४ चा सामना घेतलाय की नाही? बॉस्टन अरेनात तीनदा जादा वेळ खेळावा लागला होता.

धागाकर्ती
घेतलाय तर! हार्वर्ड २-१ ने जिंकलं. विजयी गोल लेव्हरेट साल्टनस्टॉलचा, तो पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. संपादकबाई हा परिच्छेद कापा म्हणतायत, मी अडून बसले आहे.

दोघांचेही आभार. शब्द रोव्हरच ठेवते, सूर एकदाच आणते, "आट्यापाट्यांतल्या सुराला पाटी सोडायची मुभा दिली तर" असं. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग तसं आधी सांगायचंस की!" पॉइंट मात्र अजून तसाच लटकलाय. 'आतला बचाव' आणि 'बाहेरचा बचाव' कसं वाटतं?