प्लग ‘थंडा’ म्हणजे काय? हीट रेंजला मराठीत काय म्हणायचं?

माझ्याकडं टर्बो पेट्रोल गाडी आहे, साताऱ्यातच रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) करून घेतली. मेकॅनिक म्हणतोय आता स्पार्क प्लग एक नंबर थंडा टाकू. मला कळंना, पॉवर वाढवली तर ठिणगी उलट जास्त गरम पाहिजे ना? दुकानात विचारलं तर ते म्हणाले नंबर वाढवायचाय का कमी करायचाय तेवढं सांगा. हीट रेंजला ‘उष्णता श्रेणी’ म्हटलं तर चालेल का, आणि थंडा-गरम हे नक्की कशाबद्दल बोलतात?

प्रतिसाद १

दादा, ठिणगीचा ह्यात काहीच संबंध नाही. थंडा आणि गरम हे प्लगच्या टोकाबद्दल बोलतात, म्हणजे ते टोक स्वतःची उष्णता किती लवकर सोडून देतं. प्लग हातात घेऊन खालून बघा, मधल्या तारेभोवती पांढऱ्या चिनीमातीचं नाक दिसेल. ते नाक लांब असलं की उष्णतेला इंजिनच्या हेडपर्यंत पोचायला लांबचा रस्ता, म्हणून टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड असलं की उष्णता पटकन हेडमध्ये जाते, तो थंडा. ठिणगी दोन्हीत सारखीच.

टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मधे राहायला पाहिजे. त्याच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, आणि काजळीतून वीज वाहते, त्यामुळं करंट गॅप (टोकापुढची ठिणगी पडायची फट) ओलांडायच्या ऐवजी काजळीवरनंच निसटतो आणि गाडी मिसिंग मारायला लागते. त्याच्या वर गेलं तर टोकच निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. ह्याला प्री-इग्निशन म्हणतात. आपल्याकडं ह्यालाही नॉकिंगच म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण नॉकिंग (उरलेलं मिश्रण आपोआप भडकून येणारी खटखट) ठिणगी पडल्यानंतर होतं आणि हे ठिणगीच्या आधी, आणि ह्यात पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. दोन्हीला वेगळे शब्द वापराच.

आता ‘नंबर वाढवला’ ह्याबद्दल. हा शब्दप्रयोग कंपनीचं नाव घेतल्याशिवाय वापरूच नका. एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर मोठा तितका प्लग थंडा, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२. म्हणजे एनजीकेवाला ‘नंबर वाढव’ म्हणाला आणि तुम्ही बॉशचा नंबर वाढवून आणला तर थंड्याऐवजी गरम प्लग बसला, तोही बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) वाढवलेल्या इंजिनात! दुकानात सरळ म्हणा, ‘आहे त्याच्यापेक्षा एक पायरी थंडा द्या’.

‘उष्णता श्रेणी’ चुकीचं नाही पण त्यातून काहीच कळत नाही. मी थंडा-गरमच म्हणीन, गॅरेजात सगळ्यांना तेच समजतं, फक्त नवीन माणसाला सांगताना ‘उष्णता लवकर सोडणारा’ एवढं जोडून सांगावं.

आणि मेकॅनिकचं बरोबर आहे. बूस्ट किंवा कॉम्प्रेशन वाढलं, टायमिंग पुढं घेतलं (ठिणगी लवकर पाडली) की सिलिंडरमधली उष्णता वाढते. एक पायरी बदलली की टोकाचं तापमान अंदाजे ७० ते १०० अंशांनी बदलतं, ढोबळ हिशोब असा की ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली तर एक पायरी थंडा. रिमॅपनं तेवढी वाढणार नाही पण घाटात जोरात चालवत असाल तर एक पायरी ठीक. नुसता एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून दोन पायऱ्या थंडा टाकणारे बघितलेत, त्यांचे प्लग पोवई नाक्याच्या ट्रॅफिकमध्येच काळे पडणार. थंड्या प्लगनं पॉवर वाढत नाही, तो फक्त वाढलेली उष्णता बाहेर काढतो.

प्रतिसाद २

सांगलीकरांकडून एक भर. प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि बुडाच्या वायसरमधून हेडमध्ये जाते, त्यामुळं प्लग ढिला राहिला तर नंबर कितीबी थंडा असू दे, टोक तापणारच. टॉर्क रेंचनं कंपनीनं सांगितलंय तेवढाच आवळा. बूस्ट वाढवलाय तर गॅपही थोडा कमी करायला लागतो, नाहीतर जोरात दाबल्यावर ठिणगी विझती आणि लोक त्याचा दोष हीट रेंजला देत्यात.

जुन्या गाडीवाल्यांसाठी, बॉशचे आधी १४५, १७५, २२५ असे आकडे असायचे, त्यात मोठा तो थंडा होता, नंतरच्या आकड्यांत उलटं झालं. जुने मिस्त्री अजून त्याच हिशोबानं बोलतात, तेव्हा नीट विचारून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

आत्ता कळलं. बरोबर पडलाय का नाही ते बघायचं कसं?

प्रतिसाद १

पुण्याहून येताना खंबाटकी दाबून चढा, वर आल्यावर आयडलवर रेंगाळू नका (त्यानं परत काजळी धरते), सुरक्षित जागा बघून गाडी बंद करा आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर प्लग काढा, गरम हेडमधून काढला तर आटे जातात. नाक फिकट तपकिरी असलं तर बरोबर. कोरडी काळी काजळी म्हणजे जास्त थंडा किंवा पेट्रोल जास्त. पांढरंफटक आणि त्यावर बारीक फोड दिसले तर प्लग गरम पडतोय किंवा मिक्श्चर लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) आहे, मग गाडी दाबू नका, आधी ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) दाखवा. जुन्या प्लगवरचा पूर्ण कोड इथं टाका, बीपीआर६ईएस असं काही असेल तर त्यातला ६ म्हणजे हीट रेंज, बाकीची अक्षरं आट्याचा व्यास, लांबी, रेझिस्टर वगैरेची आहेत, ती बदलायची नाहीत.