‘द एक्सपान्स’मधील रेलगन यानाच्या अक्षावरच का?

प्रश्न : ‘द एक्सपान्स’ (२०१५–२०२२) या अंतराळ-विज्ञानकथा मालिकेत रोसिनान्टे या अवकाशयानावर जवळच्या बचावासाठी सहा पीडीसी (पॉइंट डिफेन्स कॅनन) तोफा आणि दूरच्या लक्ष्यासाठी टॉर्पेडो आहेत; चौथ्या पर्वात त्यात रेलगनची, म्हणजे विद्युत्चुंबकीय बळाने गोळा प्रचंड वेगाने फेकणाऱ्या तोफेची, भर पडलेली दिसते. मात्र ती अक्षालगत घट्ट बसवली असल्याने नेमासाठी अख्खे यान वळवावे लागते. ही रचनेतील उणीव नव्हे काय?

उत्तर : मला ती उणीव वाटत नाही. समजा, एक किलोचा गोळा सेकंदाला १० किलोमीटर वेगाने सुटला, तर २५० टनांच्या यानाला सेकंदाला चार सेंटिमीटर इतका प्रतिक्षेप वेग मिळतो. हा धक्का अक्षावरून, म्हणजे वस्तुमानकेंद्रातून, गेला तर यान केवळ मागे सरकते आणि मुख्य इंजिन ते सावरू शकते. बाजूला बसला तर यान गरगरू लागते, आणि पुढचा नेमच चुकतो.

उत्तर : याला प्रत्यक्षातला दाखलाही आहे. सोव्हिएत संघाच्या सल्यूत-३ या लष्करी स्थानकावर तोफ होती आणि तिचाही नेम स्थानक वळवूनच धरावा लागे. जानेवारी १९७५ मध्ये, स्थानकात कोणी नसताना, ती दूरनियंत्रणाने डागण्यात आली.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. चौथ्याच पर्वात रेलगनचा हा धक्का इंजिनासारखा वापरून दुसऱ्या यानाला खालावत्या कक्षेतून सावरले जाते, त्या प्रसंगाचे मर्म आता नीट उमगले.