घरापुरती भाजी घरीच: आखणी कशी केलीत? (अनुभव धागा)

हौसेची बाग वेगळी आणि घराला पुरणारी बाग वेगळी. चार टोमॅटो लागले की फोटो निघतो, आठवडा निघत नाही. माझ्या मते भाजी कमी येणं ही खरी अडचण नाहीच. सगळी एकाच पंधरवड्यात येते आणि पुढचा महिना कोरडा जातो, तिथे घोडं अडतं. म्हणून 'काय लावलं' यापेक्षा 'किती, कधी, कशानंतर' हे लिहा. जागा, ऊन आणि घरात खाणारी तोंडं किती, तेही सांगा.

सुरुवात मीच करते. आम्ही पाच जण, घरामागे मोकळी जमीन. बी आणण्याआधी रोज कुठली भाजी किती लागते ते महिनाभर कॅलेंडरवर टिपलं. ज्या भाज्या लावायचा उत्साह होता त्या घरात कुणी मनापासून खात नाही, हे तेव्हा उघड झालं! पालेभाजी सारखी लागते, टोमॅटो-मिरची रोज, भेंडी आठवड्यातून दोनदा. मग उलटं मोजायचं. मेथी साधारण महिन्याभरात काढायला येते, पालक पाच-सहा आठवड्यांत, भेंडी पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांनी, टोमॅटोचं रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी. त्यामुळे मेथीचा वाफा मी एकदम पेरत नाही. त्याच्या चार पट्ट्या करते आणि दर आठवड्याला एक पेरते. चौथी पेरून होते तोवर पहिली काढायला येते. ती रिकामी झाली की माती उकरून, शेणखत घालून तिथेच पुन्हा बी.

गच्चीकर
ताई, पट्ट्यांची कल्पना कुंड्यांनाही चालते. मी पसरट ट्रे वापरतो, पालेभाजीला वीतभर खोली पुरते. टोमॅटो आणि वांग्याला मात्र झाडामागे १५ ते २० लिटर माती हवीच, लहान कुंडीत झाड जगतं पण धरत नाही. आणि कुंड्या वाढवण्याआधी वजनाचा हिशेब करा. ओली बागेतली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, शिवाय कुंडी वेगळी. मी कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त घालून मिश्रण हलकं ठेवतो. गच्चीवर सगळ्या घराची सगळी भाजी पिकवायचा नाद मी सोडला आहे. पालेभाजी, मिरची, कोथिंबीर पूर्ण घरची, बाकीची जमेल तशी.

सावलीतलं_घर
आमच्याकडे उन्हाचीच वानवा. फळभाजीला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांवर निभावते. हे ऊन एकदाच मोजून भागत नाही, कारण ऋतू बदलला की भिंतीची सावली सरकते. मी खडूने सावलीच्या कडा आखून ठेवल्या आणि मगच वाफे पाडले. वेलांचा मांडव उत्तरेच्या कडेला घातला, म्हणजे त्याची सावली बाकीच्यांवर पडत नाही (हे उत्तर गोलार्धातल्यांसाठी, दक्षिणेकडच्यांनी उलट धरावं).

वेलवाली
वेलांवर कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. लहान कुटुंबाला दुधीचा एक वेल रगड, दोन लावले तर वाटत फिरावं लागतं. 'फुलं येतात आणि गळतात' ही तक्रार नेहमी ऐकते. आधी बहुतेक नर फुलंच येतात, ती गळणारच. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं, ते पिवळं पडून गळायला लागलं तर परागीकरण झालेलं नाही असं धरा. माशा-पाखरं कमी असतील तर हातानं करायचं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोला, मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. वेळ महत्त्वाची. भोपळ्याचं पिवळं फूल सकाळी उमलतं, दुधीचं पांढरं संध्याकाळी. सकाळी दुधीपाशी जाऊन काही हाती लागत नाही. त्यासाठी दिवेलागणीला जायचं.

वहीतली_बाग
टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एकाच कुळातले. एकाच्या जागी दुसरं लावलं तर पिकाची पालट होत नाही, मुळांचे रोग तिथेच ठाण मांडतात. मी त्या वाफ्यात पुढच्या हंगामात घेवडा किंवा गवार घेते, मग पालेभाजी. वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे. कुठल्या वाफ्यात काय होतं ते लिहून ठेवा, वर्षानंतर आठवत नाही.

गच्चीकर
वहीताई, कुंडीत पालट कशी करायची?

वहीतली_बाग
माती कुंड्यांमध्ये फिरवायची. वांग्याची माती घेवड्याला द्यायची. झाड रोगानं गेलं असेल तर ती माती भाजीला वापरूच नका.

पाणीवाला
आखणीत पाणी धरा. ढोबळ मानाने आठवड्याला २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. दहा चौरस मीटरला अडीचशे झालं, तेही कडक ऊन नसताना! हंड्यानं घालणार असाल तर आधी एक आठवडा घालून बघा आणि मगच वाफे वाढवा. पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की ओल टिकते.

नवीन_हात
सगळं वाचलं. आम्ही दोघंच, आणि कामासाठी अधूनमधून आठवडाभर बाहेर असतो. भेंडी लावावी का?

वेलवाली
लावा, पण शेजार बघून. भेंडी दोन-तीन दिवस तोडली नाही की जून होते, आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की नवी फुलं कमी येतात. किल्ली देताना शेजारच्यांना पाणी घालायला सांगता, तसं तोडून न्यायलाही सांगा. तेही जमणार नसेल तर मिरची आणि वांगी घ्या, ती आठवडाभर थांबतात.