वॉकिंग डेडचा दुसरा सीझन फारच रेंगाळतोय, पुढे बघू का सोडून देऊ?

पोहे_जलेबी:
नमस्कार मंडळी. नवऱ्याने सुट्टीत द वॉकिंग डेड ही झॉम्बींची मालिका लावली, पहिला सीझन सहाच भागांचा, दोन रात्रीत संपला आणि जाम चांगला लागला. रिक हॉस्पिटलात एकटा जागा होतो, बाहेर सगळं जग आटपलेलं, मग घोड्यावर बसून अटलांटात शिरतो काय आणि रणगाड्यात अडकतो काय, मी गॅसवर चहा ठेवलाय हे विसरले होते, पातेलं अजून घासतेय.

आता दुसऱ्या सीझनचे सहा भाग झालेत आणि हे लोक शेतावरून हलायलाच तयार नाहीत. गटातली छोटी सोफिया पहिल्या भागात हायवेवरून जंगलात पळाली ती अजून सापडत नाहीये. अरे आमच्या इंदूरच्या राजवाड्याला रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, म्हणजे गेरच्या गर्दीत हरवलेलं पोरगं माइकवर नाव पुकारून अर्ध्या तासात आईच्या हातात मिळतं! रोज दोघं जण जंगलात जातात, एक बाहुली घेऊन येतात, मग संध्याकाळी कुंपणाला टेकून रिक आणि त्याचा मित्र शेन एकमेकांकडे बघत बसतात. त्यात रिकची बायको लोरी. स्वतःला लागणाऱ्या गोळ्या आणायला दुसऱ्याच्या पोरीला त्या औषधाच्या दुकानात पाठवते, तिच्यावर तिथे हल्ला होतो, आणि एवढं करून आणलेल्या गोळ्या ही खाते आणि ओकून टाकते. मला तिची कीव यायला पाहिजे हे कळतं पण येत नाही.

गंमत म्हणजे सासूबाईंना आवडतंय. त्या रिमोट सोडत नाहीत. आणि त्यांच्या तोंडी लहानपणापासून 'मेला' हा शब्द, तो आता अगदी बरोबर बसलाय, 'अगं मेला आला बघ मागून, ह्या मेलीला दिसत कसा नाही!' शेताचा मालक हर्शेल, त्याने स्वतःची बायको आणि शेजारीपाजारी कोठारात कोंडून ठेवलेत, ते आजारी आहेत म्हणतो, तर सासूबाई म्हणाल्या, त्याचं काय चुकलं, घरातलं माणूस आजारी पडलं तर काय डोक्यात गोळी घालायची? मला काही उत्तर देता आलं नाही.

तर बघू का सोडू? आणि हात जोडून सांगते, सहाव्या भागाच्या पुढचं काही सांगू नका.

जीरावन_जास्त:
सोडून दे. मी तर विहिरीच्या भागालाच हात जोडले होते. विहिरीत एक फुगलेला वॉकर (म्हणजे झॉम्बी) पडलाय, गोळी घातली तर पाणी नासेल म्हणून आधी हॅमचा तुकडा सोडतात, मग त्या बिचाऱ्या ग्लेनला दोरीला बांधून आमिष म्हणून खाली सोडतात, दोर ज्या हापशाला बांधलाय तो उखडतो, कसाबसा ग्लेन वाचतो, आणि शेवटी वॉकरला काठापर्यंत ओढल्यावर तो मधून फाटतो आणि अर्धा परत पाण्यात. अरे भिया, इतके दिवस मढं भिजलंय त्यात, ते पाणी आधी काय तीर्थ होतं का? शेतावर दुसऱ्या विहिरी होत्या, हिच्यावर फळी टाका आणि मोकळे व्हा. माझी आजी खरगोनकडच्या खेड्यातली, तिच्या विहिरीत एकदा मांजर पडून मेलं तर महिनाभर कोणी त्या पाण्याने पाय पण धुतले नव्हते.

आता मला सांगा, एक शेरीफचा माणूस, एक त्याचा पार्टनर, एक वयस्कर शहाणा डेल, एवढी डोकी असून कोणालाच सुचत नाही? ह्याला पात्रांचा निर्णय नाही म्हणत, लेखकाला पंधरा मिनिटं भरायची होती.

कोथरूडचा_जावई:
मुद्द्यावर नंतर येतो. सीरियल 'चांगली लागली' म्हणजे काय? चाखून बघितली का? मीठ कमी होतं का?

पोहे_जलेबी:
@कोथरूडचा_जावई आमच्याकडे पोहे पण चांगले लागतात, सीरियल पण चांगली लागते आणि एखादा जावई पण चांगला लागतो. सगळेच नाही.

रातकिडा:
सोडू नकोस. निदान सातवा बघ, मग हवं तर सोड, एवढंच सांगतो.

मी ही मालिका कॉलेजात असताना मित्राच्या हार्डडिस्कवरून बघितली, नंतर मूळ कॉमिक्स पण वाचलं, म्हणून थोडं सांगतो (तू बघितलंयस त्यापलीकडचं काही नाही, कॉमिक्स वेगळंच चालतं). कॉमिक्स रॉबर्ट किर्कमनचं, २००३ पासून २०१९ पर्यंत १९३ अंक. त्यात शेन सहाव्या अंकातच मरतो. म्हणजे शेतावर तो पोचतच नाही. मालिकावाल्यांनी त्याला जिवंत ठेवला, आणि माझ्या मते दुसऱ्या सीझनचा सगळा संथपणा त्या एका निर्णयातून आलाय. शेतावर खरी गोष्ट सोफियाची नाहीच. मित्र मेला समजून ज्याने त्याची बायको आणि मुलगा सांभाळला, त्याच्यासमोर तो मित्र चालत परत आला, आता ह्या माणसाने करायचं काय? ते दोन मारामाऱ्यांत उरकलं असतं तर शेन नुसता व्हिलन झाला असता. शेतावरच्या ओटिसचा भाग आठव. रिकचा मुलगा कार्ल, त्याच्या ऑपरेशनचं सामान घेऊन दोघं पळतायत, मागे झुंड, आणि शेन त्याच्या पायात गोळी घालून त्याला मागे टाकतो. मग रात्री आरशासमोर मशीनने डोकं भादरतो. तो आरसा मला कुठल्याही वॉकरपेक्षा जास्त भीतीदायक वाटला. घाईत असं काही दाखवता येत नाही.

बाकी पडद्यामागे पण गोंधळ होता. पहिला सीझन उभा करणारा फ्रँक डॅराबाँट, त्याला जुलै २०११ मध्ये दुसऱ्या सीझनचं काम चालू असतानाच काढलं आणि ग्लेन मझारा आला. सहा भागांवरून एकदम तेरा भाग झाले. म्हणजे दुप्पट भात आणि वरण तेवढंच, पातळ होणारच. डॅराबाँट आणि चॅनेलचं ते कोर्टकचेरीचं प्रकरण पुढे २०२१ मध्ये वीस कोटी डॉलरला मिटलं.

विहिरीचं मात्र जीरावनभाऊ बरोबर बोलतायत. त्याला बचाव नाही.

मल्हारगंजवाली:
मला ह्यावर वेगळंच म्हणायचंय. मी हा सीझन दोनदा पाहिलाय. पहिल्यांदा बोर होऊन फॉरवर्ड करत करत पाहिला. दुसऱ्यांदा २०२० च्या एप्रिलमध्ये, इंदूर कडकडीत बंद होतं तेव्हा. आम्ही पाच माणसं, दोन खोल्या आणि एक गॅलरी, दूध कधी येणार आणि भाजीत काय येणार ह्याच्यावर रोज सकाळी चर्चा, दुपारी कोणीतरी कोणाला तरी भांड्यांवरून बोलायचं आणि संध्याकाळी सगळे गॅलरीत उभं राहून रिकामा रस्ता बघायचे. बाहेर केवढं मोठं संकट आणि आमच्या घरात भांडण कशावरून, तर सॅनिटायझरची बाटली कोणी उघडी ठेवली. तेव्हा मला ते शेत कळलं. संकटात माणूस चोवीस तास पळत नसतो हो, बहुतेक वेळ तो वाट बघत असतो आणि कपडे वाळत घालत असतो. लोरी आणि सोफियाची आई कॅरल कपडे धुतात तो सीन मी पहिल्यांदा उडवला होता, दुसऱ्यांदा पूर्ण पाहिला.

आणि दिवस मोजले तर गोष्टीत सोफियाला हरवून फार दिवस झालेलेच नाहीत. आपल्याला सहा भाग वाटतात, त्यांच्यासाठी तो एकच वाईट आठवडा आहे. जिची मुलगी हरवलीय तिला आपण 'चला आता पुढे' म्हणतोय. शेन पण तेच म्हणतो. आता शेनच्या बाजूला आपण का उभे राहतोय हे मला स्वतःलाच जरा बरं वाटलं नाही.

डॅरिल कॅरलला बिअरच्या बाटलीत ते पांढरं फूल आणून देतो आणि त्याची गोष्ट सांगतो, तो माणूस एरवी चार शब्द धड बोलत नाही. घाई असती तर हा सीन पहिला कापला गेला असता.

हर्शेलबद्दल तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

जीरावन_जास्त:
@मल्हारगंजवाली ते ठीक आहे, पण वाट बघणं दाखवायला वाट बघायला लावायलाच पाहिजे का? नाटकात पाच मिनिटांत दहा वर्षं जातात. आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाला आपण अडीच तास बसतो, त्यात एक चहाचा इंटरव्हल, आणि पूर्ण घर उभं राहून कोसळतं.

आणि अँड्रिया? सगळे नको नको म्हणत असताना गाडीच्या टपावरून लांबून बंदूक रोखते आणि आपल्याच डॅरिलला वॉकर समजून गोळी झाडते, नशीब डोक्याला चाटून गेली. हिला मग कोणी एक शब्द बोलत नाही. आमच्या कॉलनीत चुकून दुसऱ्याच्या स्कूटरला स्कूटर घासली तर सहा महिने बोलणं बंद असतं.

मल्हारगंजवाली:
पण म्हणूनच तर ती खरी वाटते मला. बहीण डोळ्यासमोर गेली, मरायला निघाली होती तर डेलने मरू दिलं नाही, आता तिला काहीतरी करून दाखवायचंय. चुकीचा निर्णय आणि खोटा निर्णय ह्यात फरक असतो. अँड्रियाचा चुकीचा आहे. विहिरीचा खोटा.

रातकिडा:
हे आवडलं. माफ करा, लागलं.

सराफा_रात्री_एक:
मी थेट पुढचं लिहितोय, सहाव्या आणि सातव्या सीझनचं, तेव्हा @पोहे_जलेबी तू इथून खाली वाचू नकोस, खरंच वाचू नकोस.

मल्हारगंजवालीने जे म्हटलं तेच धरून. मला संथपणाचा राग कधीच आला नाही, मला राग आला ग्लेनच्या कचऱ्याच्या डब्याचा. सहाव्या सीझनचा तिसरा भाग, ऑक्टोबर २०१५, ग्लेन आणि निकोलस त्या लोखंडी डब्यावर उभे, निकोलस स्वतःला गोळी घालतो, दोघं खाली झुंडीत पडतात, आतडी बाहेर निघताना दिसतात आणि ग्लेनचा चेहरा किंचाळतोय. आणि मग चार आठवडे गप्प. एवढंच नाही, त्या नटाचं नाव सुरुवातीच्या पाट्यांमधून काढून टाकलं, म्हणजे आपल्याला खात्रीच पटावी! सातव्या भागात कळतं की आतडी निकोलसची होती आणि हा सरपटत डब्याखाली गेला. ही गती नाही, ही थाप आहे. शेतावर निदान लेखक आपल्याशी खोटं बोलत नव्हता.

त्याच सीझनच्या शेवटी परत तेच, एप्रिल २०१६. खलनायक निगन बॅट घेऊन उभा, सगळे गुडघ्यावर, कॅमेरा मार खाणाऱ्याच्या डोळ्यांतून आणि स्क्रीन काळी. कोण मेला हे कळायला साडेसहा महिने. २३ ऑक्टोबर २०१६ ला कळलं, अब्राहम आणि मग ग्लेन पण. त्या रात्री अमेरिकेत एक कोटी सत्तर लाख लोकांनी बघितलं, पुढच्याच आठवड्यात आकडा सव्वा कोटीच्या जवळपास आला. लोक म्हणतात मारहाण फार भयानक होती म्हणून गेले. मला नाही पटत, ते सहा महिने ताटकळत ठेवलं त्याचा तो राग होता. मेलेलं माणूस एकदा परत आणलं की दुसऱ्यांदा मारताना रडू येत नाही, हिशोब येतो.

कार्लला आठव्या सीझनमध्ये मारलं ते तर मी अजून माफ केलेलं नाही. कॉमिक्समध्ये तो शेवटच्या पानापर्यंत आहे, सगळी गोष्ट त्याच्यासाठीच चाललीय. मुलगाच गेला तर बाप कोणासाठी जग उभं करतोय? मी त्यानंतर बंद केली होती, नवव्यात मालिका अँजेला कँगच्या हाती आली तेव्हा बहिणीच्या सांगण्यावरून परत लावली, आणि खरं सांगायचं तर चांगली होती. एकूण १७७ भाग आहेत, २०१० ते २०२२. त्यातले साधारण शंभर मी कोणालाही मनापासून सांगेन. कुठले, ते विचारू नका.

कोथरूडचा_जावई:
आता मुद्द्यावर येतो. मी चौथ्या सीझनला झोपलो ते सहाव्याला उठलो आणि गोष्ट मला बरोबर कळली. एवढंच माझं मत.

रातकिडा:
@कोथरूडचा_जावई मग 'द ग्रोव्ह' झोपेत गेला तुमचा. चौथ्याचा चौदावा. कॅरल आणि लिझी. काही सांगत नाही पण तेवढा एक भाग परत लावा. अख्ख्या भागात चार मोठी माणसं पण नाहीत, एक घर, एक हरीण आणि फुलं. ह्याहून संथ काही नाही आणि मला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

पोहे_जलेबी:
सगळ्यांचे आभार. @सराफा_रात्री_एक मी वाचलं. वाचू नकोस असं दोनदा लिहिल्यावर कोण थांबतं? मला ह्या सगळ्यांत एक ग्लेनच आवडायचा. आता तुझ्या नावावर सराफ्यात एक प्लेट गराडू आणि एक भुट्ट्याचा कीस, थंडी पडू दे, वसूल करीन.

तर काल रात्री सातवा पाहिला. मी भांडी आवरत आवरत बघत होते, म्हटलं असेल नेहमीचं. शेन कोठाराचं दार फोडतो, ते एकेक बाहेर येतात आणि ही मंडळी रांगेत उभी राहून गोळ्या घालतायत, हर्शेल तिथेच गुडघ्यावर बसलाय. मला वाटलं संपलं. मग सगळं शांत झाल्यावर दारातून ती शेवटची येते. छोटी. तो निळा टीशर्ट. माझ्या हातात ओली कढई होती, तिचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं आणि मी तशीच उभी. म्हणजे हे सगळे जंगल पालथं घालत होते तेव्हा ती तिथेच, तंबूपासून हाकेच्या अंतरावर. आणि इतका वेळ शूर शूर म्हणून ओरडणाऱ्या शेनला पुढे होता येत नाही, रिकलाच जावं लागतं.

रेंगाळतंय म्हणाले होते ते मागे घेते. अर्धं. विहीर तशीच राहील.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. कॅरल पळत येते आणि डॅरिल तिला धरतो, तेव्हा फक्त 'अगं बाई' म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मग थोड्या वेळाने मलाच म्हणाल्या, लाव पुढचा, त्या बाईला आता कोण बघतंय ते तरी कळू दे.

मग लावला आठवा. त्यात हर्शेल गावातल्या बारमध्ये जाऊन बसलाय, त्याला आणायला रिक आणि ग्लेन गेलेत, दोन माणसं, दोघांकडे बंदूक. आणि लोरी, पोटुशी बाई, कोणाला न सांगता गाडी काढून एकटी त्यांच्या मागे. रात्र होत आलीय आणि ही गाडी चालवता चालवता नकाशा बघतेय.

मेला आडवा आला.

टीव्ही बंद केलाय. सासूबाई रागावल्यात, लोरीवर नाही, माझ्यावर. उद्या बोलू.