मदत हवी आहे: कॅब अ‍ॅपच्या ड्रायव्हर सपोर्टमधली नोकरी (ऐरोली), रात्रीचा ड्रॉप आणि पेरोल

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. बी.कॉम. आहे, आम्ही डोंबिवलीचे. एका कॅब अ‍ॅप कंपनीचा सपोर्ट वाढतोय, त्यासाठी मराठी-हिंदी बोलणाऱ्यांची भरती सुरू आहे. तिचे सगळे राउंड क्लिअर झालेत. ड्रायव्हर सपोर्ट, व्हॉइस प्रोसेस (म्हणजे फोनवर बोलायचं काम). पेरोल मात्र मधल्या बीपीओचा, म्हणजे नोकरी आणि पगार कॅब कंपनीकडून नाही, तिच्यासाठी कंत्राटावर सपोर्ट चालवणाऱ्या कंपनीकडून.

तिला हे काम मनापासून हवंय. बाबा आधी काळी-पिवळी चालवायचे, आता अ‍ॅपवर गाडी लावतात. आयडी ब्लॉक झाला की चॅटवर तेच ते ठरावीक उत्तर येतं, गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. फोनवर मराठीत नीट ऐकून घेणारं कुणीतरी हवं, असं ती म्हणते. मलाही पटतं.

अडचण शिफ्टची आहे. रोटेशनल, उशिराची शिफ्ट रात्री ११ ला सुटते. एचआर म्हणतात, ड्रॉप ठाण्यापर्यंतच, पुढे लोकल आहेच. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. हे लेखी मागितलं तर ऑफर मागे घेतात का? कुणी मागून मिळवलंय का?

शिवाय बीपीओचं कंत्राटच संपलं तर मुलांना दुसऱ्या प्रोसेसला (दुसऱ्या क्लायंटच्या कामावर) घेतात की घरी बसवतात? चॅटचं बरंच काम आता बॉट करतात, म्हणून जास्त काळजी वाटते. आणि मूळ मार्कशीट जमा करायला सांगतायत, द्यावी का?

सोमवारपर्यंत कळवायचंय.

प्रतिसाद:

मूळ मार्कशीट अजिबात देऊ नका. पडताळणीला दाखवायची आणि तिथल्या तिथे परत घ्यायची.

ड्रॉपचं ईमेलवर विचारा, उत्तरही ईमेलवरच घ्या. रात्रपाळीच्या संमतीवर सही मागतील तेव्हा त्यात घरचा पत्ता आणि दारापर्यंत ड्रॉप असं लिहिलेलं असेल तरच ताईने सही करावी. आमच्या टीममधल्या मुलींनी एकत्र मागितलं तेव्हा बदलापूरपर्यंत गाडी सुरू झाली. एकटीने भांडण्यापेक्षा बॅचमधल्या कल्याण-डोंबिवलीच्या मुली आधी गाठा.

प्रोसेस बंद झाली तर पुन्हा मुलाखत घेऊन दुसरीकडे टाकतात, पण हमी कुणी देत नाही. नोटीस पिरियड किती आणि सीटीसीतून (कंपनी सांगते त्या एकूण पॅकेजमधून) मालकाचा पीएफ वाटा वजा करून हातात किती येणार, हे आत्ताच विचारा. रुजू झाल्यावर पीएफ जमा होतोय का ते सरकारच्या उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला बघत राहा.