मधुमेह आणि रसायने: सगळा दोष ताटाचा नाही

मधुमेहाबद्दल कुणीतरी लिहिलंय की ‘रसायनं हे निमित्त, खरं कारण सुटलेलं खाणं’. हे अर्धंच खरं आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकात डायॉक्सिन हे विषारी रसायन होतं. ते चरबीत साठतं आणि निम्मं उतरायलाही वर्षं लागतात. फवारणी करणाऱ्या अमेरिकन हवाई दलातल्या लोकांची पुढे अनेक वर्षं तपासणी झाली, तेव्हा रक्तात डायॉक्सिन जास्त असलेल्यांत मधुमेहही जास्त दिसला. २००१ मध्ये अमेरिकन सरकारने व्हिएतनाममध्ये असलेल्या माजी सैनिकांचा टाइप २ मधुमेह भरपाईसाठी मान्य केला.

आपल्याकडचा पुरावा मदुराई कामराज विद्यापीठाचा, २०१७ चा. उंदरांना दीर्घकाळ मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक दिलं. आतड्यातल्या जिवाणूंनी ते मोडून अॅसिटेट नावाचा पदार्थ तयार केला, त्यातून शरीरात जादा ग्लुकोज बनू लागलं. हे उंदरांत आहे, माणसांत इतका थेट पुरावा नाही, हे मान्य.

पण विदर्भात उघड्या अंगाने कपाशी फवारणाऱ्या मजुराची साखर वाढली, तर त्याला फक्त ‘भात कमी कर’ सांगून पाठवणं मला पटत नाही. डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ हेही विचारावं, आणि मालकाने हातमोजे, मास्क द्यावेत.