खत कारखान्यातून पाण्याचा थेंबही बाहेर पडू नये: पटतं का?

निवळी:
माझं मत सरळ आहे, 'शून्य विसर्ग' सक्तीचा करा. युरियावाल्यांना तर सबबच नाही. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडचा युरिया होताना टनामागे सुमारे 300 लिटर पाणी आपसूक तयार होतं. त्यात अमोनिया आणि युरिया विरघळलेले असतात. हायड्रोलायझर-स्ट्रिपर लावला की वाफेच्या उष्णतेनं त्या युरियाचा पुन्हा अमोनिया होतो, तो प्रक्रियेत परततो आणि उरलेलं पाणी बॉयलरला चालतं. आपलाच माल नाल्यात ओतायचा आणि वर खर्चाचं रडगाणं गायचं!

जुना फिटर:
युरियापुरतं मान्य. पण फॉस्फेटचं काय? तिथे एक टन फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे (खतातलं फॉस्फेट याच मापात मोजतात) पाचेक टन फॉस्फोजिप्सम, म्हणजे टाकाऊ जिप्सम, निघतं. त्याचे डोंगर रचतात, आणि त्यांच्या तळ्यांत फ्लोराइड-फॉस्फेटचं आंबट पाणी साठत जातं. थेंबही सोडायचा नाही म्हटलं, तरी पाऊस विचारून पडत नाही. 2021 साली फ्लोरिडातल्या पायनी पॉइंटला, बंद पडलेल्या खत कारखान्याच्या तळ्याला गळती लागली. बांध फुटू नये म्हणून सुमारे 80 कोटी लिटर पाणी टॅम्पा उपसागरात सोडावं लागलं. त्यापेक्षा चुन्याची दोन टप्प्यांत प्रक्रिया करा, आधी फ्लोराइड खाली बसेल, मग फॉस्फेट. आणि ते पाणी मोजून, रोज थोडं थोडं सोडा.

निवळी:
म्हणजे बंद कारखान्याचं पाप चालू कारखान्यांना सूट म्हणून वापरायचं? तळं भरेपर्यंत हातावर हात ठेवून बसा, असं मी कुठे म्हटलं? चुन्यानं साफ केलेलं पाणी पुन्हा आतच वापरा की.

जुना फिटर:
वापरा ना! क्षार साचून पाइप चोंदले की पाना घेऊन आम्हीच जातो.

बांधावरून:
दोघंही शेवटच्या पाइपावर भांडताय. घोळ त्याआधीच होतो. पंपाची गळती, फरशी धुतलेलं पाणी, पावसाचं पाणी, सगळं एकाच गटारात. चुना मारलेल्या पाण्याचा सामू (pH) चढलेला असतो. ते अमोनियाच्या पाण्यात मिसळलं की अमोनियमचा मुक्त अमोनिया होतो, आणि मासे मारतो तो हाच. एकूण अमोनिया तेवढाच राहतो, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. आधी प्रवाह वेगळे करा.

निवळी:
वेगळे करा, कबूल. माझी मागणी तरीही शून्याचीच.

जुना फिटर:
मग त्या साचलेल्या क्षारांचा ढीग कुठे ठेवायचा, तेवढं सांगा.